पाच व्होल्टांचा रांजण

लातूरच्या गंजगोलाईत किंवा नांदेडच्या वजिराबादेत पंखा दुरुस्त करणाऱ्याकडे ‘कपॅसिटर’ कोणी मागत नाही. मागतात तो ‘कंडेन्सर’. शास्त्रज्ञ व्होल्टाने १७८२ मध्ये दिलेल्या नावाचा हा वारस. इंग्रजी पुस्तकांनी तो मागे टाकला, आपल्या बाजाराने सांभाळला.

१९९०च्या दशकात आपल्याकडे दिसणारे टीव्ही गेम बहुतांशी निंटेंडोच्या फॅमिकॉमची नक्कल होते. मूळ यंत्र जपानमध्ये १९८३ साली आलं. गेम अडला की आपण कॅसेट काढून फुंकायचो. आज माळ्यावरून काढलेला तोच डबा चालू केला तर चित्रावर आडवे पट्टे सरकतात, आवाजात घरघर येते. दोष अनेकदा कॅसेटचा नसतोच. कंडेन्सर वाळलेला असतो.

त्याचं काम लातूरकरांना वेगळं समजवायला नको. २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, ते दिवस आठवा. पाणी आलं की रांजण, ड्रम भरायचे आणि पुढचं पाणी येईपर्यंत त्यावर भागवायचं. अडॅप्टरच्या डायोडमधून वीजही अशीच सेकंदाला १०० वेळा उसळते आणि ओसरते. कंडेन्सर उसळीत भरतो, ओसरताना देतो. मग पुढचा ७८०५ रेग्युलेटर चिपला सपाट ५ व्होल्ट पुरवू शकतो.

या रांजणाच्या पोटात ॲल्युमिनियमच्या दोन पातळ पट्ट्या आणि मध्ये द्रवात भिजलेला कागद, अशी गुंडाळी असते. तळाशी रबराचं बूच. त्यातून द्रव वर्षानुवर्षं उडत राहतो. तापमान दर १० अंश वाढलं की आयुष्य साधारण निम्मं होतं, आणि आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत काय होतं ते माहीतच आहे. म्हणून नवा घेताना ८५ अंशांचा नको, १०५ अंशांचाच घ्यावा. सेगाच्या १९९०च्या गेम गिअर या गेमयंत्रात तर पृष्ठभागावर चिकटवलेले छोटे कंडेन्सर गळतात, मासळीसारखा वास येतो आणि गळलेला द्रव तांब्याच्या रेघा खातो. तिथे नुसता भाग बदलून भागत नाही, बोर्ड धुवावा लागतो.

आपल्या नकली गेममध्ये असे नळकांड्यासारखे कंडेन्सर मोजकेच असतात, तेव्हा एकेक तपासत बसण्यापेक्षा सगळेच बदलावेत, असं माझं मत आहे. छोटे चपटे सिरॅमिकचे मात्र तसेच राहू द्यावेत. नव्याचे मायक्रोफॅरड जुन्याइतकेच हवेत. व्होल्ट जास्त असले तर चालतात, कमी नकोत. पंख्याचा कंडेन्सर इथे उपयोगाचा नाही, त्याची जात निराळी. अंगावरचा पट्टा म्हणजे ऋण टोक; ते उलटं लागलं तर नवा भागही फुगतो. काढण्याआधी बोर्डाचा मोबाइलवर फोटो घेऊन ठेवावा. सोल्डरचा डाग वितळवताना घाई नको: या स्वस्त बोर्डांवरच्या तांब्याच्या टिकल्या जास्त उष्णतेने सुटून येतात, आणि एकदा सुटली की तारेचा तुकडा जोडून रस्ता करावा लागतो.

अडॅप्टर २३० व्होल्टांचा, तो स्वतः उघडू नये. तेवढ्यापुरतं दुकानातल्या माणसाकडे जावं. ‘कंडेन्सर’ म्हटलं की त्याला कळतं.