सर्वांगाची तयारी आणि खेळांचा आनंद

रिद्धपुरास आमच्या घरीं चैत्रापासून एक वाद चालू होता. बारा वर्षांचा नातू क्रिकेटमध्यें केवळ गोलंदाजी करी. अन्य व्यायाम शून्य. त्याचा खांदा दुखावला, तेव्हां त्याच्या आजीनें खेळच बंद करण्याचें फर्मान काढलें. आम्हांस मात्र दोष खेळाचा दिसेना. एका अंगावर सारा भार आणि बाकीचीं अंगें आळशी, असा तो प्रकार होता. मास्तरकी करीत असतां कवाइतीचा तास आम्हीं शब्दरूपांसाठीं बळकावीत असूं, हेंही कबूल करणें भाग आहे.

खांदा बरा झाल्यावर त्यास अमरावतीचें श्रीहनुमान व्यायाम प्रसारक मंडळ दाखविलें. वैद्य बंधूंनीं १९१४ सालीं स्थापिलेल्या या संस्थेच्या पथकानें १९३६ सालीं बर्लिन ऑलिंपिकच्या वेळीं कबड्डीसारखे देशी खेळ जर्मनीस दाखविले होते. तेथील मल्लखांब पाहून नातवास नाद लागला. एरंडेल चोळलेल्या त्या खांबावर नुसत्या हातांनीं निभाव लागत नाहीं. मांड्या, कंबर, पाठ, पायाचा आंगठासुद्धां राबवावा लागतो. पण त्यानें दमसास फारसा वाढत नाहीं. त्यासाठीं धांवणें हवेंच. सूर्यनमस्कारांत पुढें लवणें व मागें वळणें आळीपाळीनें येत असल्यानें कणा लवचिक राहतो.

आतां तो खोखो खेळतो, कबड्डी खेळतो, विहिरींत पोहतो. गोलंदाजीही सुटलेली नाहीं. सदऱ्यावरील एरंडेलाच्या डागांवरून मात्र आजीची कुरकुर चालूच आहे.