थाम लुआंग : गुहेबाहेरचे लोक

२३ जून २०१८ रोजी उत्तर थायलंडमधील थाम लुआंग गुहेत १२ फुटबॉलपटू मुले आणि त्यांचे २५ वर्षांचे प्रशिक्षक पुरामुळे अडकले. ८ ते १० जुलैदरम्यान सर्व १३ जण सुखरूप बाहेर आले.

■ शेतकरी : गुहेतून उपसलेले पाणी भातखाचरांत शिरले, पीक गेले. तरीही अनेकांनी नुकसानभरपाई नाकारली.

■ गावकरी : बचावकार्यातील जवानांसाठी गरम जेवण रांधले. चिखलाने बरबटलेले गणवेश रात्री नेऊन सकाळी धुऊन परत दिले.

■ पालक : प्रशिक्षकाने गुहेतून चिठ्ठी पाठवून माफी मागितली. ‘स्वतःला दोष देऊ नकोस,’ असे पालकांनी उलट कळवले.

■ मराठी धागा : पाणी उपसण्याबाबत सल्ला द्यायला पुण्याच्या किर्लोस्कर ब्रदर्सचे तज्ज्ञ तिथे पोहोचले होते.

■ बलिदान : गुहेत हवेचे सिलिंडर पोहोचवून परतताना थाई नौदलाचे माजी पाणबुडे समन कुनान ६ जुलैला मृत्युमुखी पडले. गुहेपाशी त्यांचा पुतळा उभारला गेला.

■ नागरिकत्व : प्रशिक्षक आणि तीन मुले कोणत्याच देशाचे नागरिक नव्हते, हे यानिमित्ताने जगाला कळले. ऑगस्ट २०१८ मध्ये चौघांना थाई नागरिकत्व मिळाले.