नकाशा ते चित्र: मधली झाडं कोण लावतं?

गेल्या वर्षी सह्याद्रीतल्या एका गावात लॅपटॉपवर एक चित्र दाखवलं. गावामागच्या सड्यावर (म्हणजे कातळाच्या पठारावर) पवनचक्क्या आल्या तर देवळापासून काय दिसेल, याचं. सगळे "छान, छान" म्हणाले. मग एका आजींनी विचारलं, "बाळा, सड्यावर एवढी झाडं कधी आली?"

खरं सांगायचं तर ती झाडं मीच लावली होती. आणि त्यांच्याआड निम्म्या पवनचक्क्या लपल्या होत्या.

हे कसं झालं, ते पायरीपायरीने बघू. या विषयात संशोधन करायचं असेल तर हे सुरुवातीलाच कळलेलं बरं.

१. जमीन. आधी लागतं उंचीचं मॉडेल. एसआरटीएमचा डेटा फेब्रुवारी २००० मध्ये अंतराळयानातून ११ दिवसांत रडारने गोळा केला. इस्रोचं कार्टोडेम 'भुवन'वर मिळतं. दोन्हींत साधारण दर ३० मीटरला उंचीचा एक आकडा. पण सड्याची कड उभी तुटलेली असते. ३० मीटरच्या जाळीत तिचा साधा उतार होऊन जातो.

२. भूआच्छादन. सेंटिनेल-२ उपग्रहाच्या प्रतिमेत एक पिक्सेल १० मीटरचा. प्रत्येक पिक्सेलला आपण एक वर्ग देतो: शेती, पाणी, झुडपं, खडक. आपल्याकडे पावसाळ्यात ढग असतात, म्हणून प्रतिमा बहुतेक कोरड्या महिन्यांतली घेतली जाते. सड्यावरचं पावसाळी गवत आणि फुलं त्यात येतच नाहीत.

३. वर्गाच्या जागी वस्तू. इथे डेटा संपतो आणि आपली निवड सुरू होते. नकाशा फक्त 'झुडपं' म्हणतो. सॉफ्टवेअर मात्र विचारतं: कुठलं झाड, किती उंच, किती दाट? मी तयार संग्रहातलं ८ मीटरचं झाड उचललं, कारण ते छान दिसत होतं. माझी चूक ही.

४. कॅमेरा. तो माणसाच्या डोळ्याच्या उंचीवर, म्हणजे सुमारे १.६ मीटरवर हवा. वाइड लेन्स घेतली की लांबच्या गोष्टी बारीक दिसतात. पवनचक्की 'लहान' करायचा हा सगळ्यात सोपा मार्ग आहे, मुद्दाम असो वा नकळत. अंतर मोठं असेल तर पृथ्वीची वक्रताही धरा. १० किलोमीटरवर तिच्यामुळे जवळजवळ ८ मीटरचा फरक पडतो.

आता मुद्दा. नकाशा बघताना माणूस शंका घेतो, फोटोसारख्या चित्रावर पटकन विश्वास ठेवतो. म्हणजे चित्र जितकं खरं वाटतं, तितकी आपली जबाबदारी वाढते. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाचे स्टीफन शेपर्ड यांनी अशा चित्रांसाठी आचारसंहिता हवी, असं आग्रहाने मांडलंय. विषय निवडण्याआधी त्यांचं लेखन जरूर वाचा.

त्या दिवसापासून मी तीन गोष्टी पाळते:

- प्रत्येक चित्रासोबत एक तक्ता. काय मोजलेलं, काय अंदाजाने धरलेलं, काय नुसतं सजावटीचं.
- एकाच जागेची किमान दोन चित्रं, उन्हाळ्यातलं आणि पावसाळ्यातलं.
- चित्र रंगवण्याआधी गावातल्या कोणाबरोबर तरी त्या जागी प्रत्यक्ष चालून येणं.

दुसऱ्यांदा गेले तेव्हा चित्रात झाडं नव्हती. गवत, कातळ आणि पूर्ण दिसणाऱ्या पवनचक्क्या होत्या. या वेळी "छान" कोणीच म्हणालं नाही. गुरांची वाट कुठून जाणार, यावर तासभर वाद झाला. आजीही त्यात होत्या. माझ्या प्रबंधात त्या वादाचं टिपण चित्राच्या शेजारीच जाणार आहे.