टाका घालण्याआधी

मुलग्यांचा फोटो काढणे सोपे. त्यांची मैत्री फोटोत उतरवणे फार अवघड. कॅमेरा समोर आला की पोरे छाती पुढे काढतात, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकतात, चेहरे आवळून घेतात, आणि हाती लागतो तो पुरुषीपणाचा देखावा. मैत्री त्याच्या आधी नाहीतर नंतर घडून गेलेली असते: एकाच बाटलीला तोंड लावताना, दोघांनी तासभर अवाक्षर न बोलता कठड्यावर बसून राहण्यात. एकट्या फोटोला हे पेलत नाही. पानामागून पान उलटताना ते हळूहळू कळू लागते. म्हणून या विषयाला भिंतीवरच्या चौकटीपेक्षा पुस्तक मानवते. माझे म्हणणे त्याच्याही पुढचे आहे. हाताने जुळवलेले, शिवलेले, मोजक्या प्रतींचे पुस्तक त्याला सर्वांत मानवते, कारण त्याचा पहिला वाचक फोटोतला मित्रच असू शकतो.

या वाटेवरचे गाजलेले पुस्तक म्हणजे लॅरी क्लार्कचे ‘टल्सा’. ओक्लाहोमातल्या टल्सात १९४३ साली जन्मलेल्या क्लार्कची आई घरोघर जाऊन तान्ह्या मुलांचे फोटो काढी, आणि पोरवयातच तो तिच्या हाताखाली कामाला लागला. १९६३ ते १९७१ या काळात त्याने आपल्याच टोळक्याचे फोटो काढले. त्यात ॲम्फेटामिनच्या सुया आहेत, पिस्तुले आहेत, रिकाम्या खोल्या आहेत. सुया टोचून घेणाऱ्यांत तो स्वतःही होता. १९७१ मध्ये राल्फ गिब्सन या छायाचित्रकाराच्या लस्ट्रम प्रेस या छोट्या प्रकाशनाने पुस्तक काढले. मुखपृष्ठावर उघड्या अंगाने पलंगावर बसलेला तरुण, हातात पिस्तूल; तो १९७० मध्ये वारल्याची नोंद आत आहे. मजकूर जवळपास नाहीच. मोठ्या प्रकाशकाने बहुधा समाजशास्त्राची प्रस्तावना जोडून या पोरांना ‘समस्या’ करून टाकले असते. छोट्या हातांनी काढल्यामुळे ती शेवटपर्यंत कुणाची तरी दोस्त राहिली. पण पुस्तक जगभर गेले आणि ती पोरे अनोळखी डोळ्यांसमोर कायमची उघडी पडली, हेही तितकेच खरे.

इथेच पहिला आक्षेप येतो: हाताने बांधले म्हणून पुस्तक घरगुती राहते असे थोडेच आहे? मुळीच नाही. रायन मॅकगिन्लीने न्यूयॉर्कमधल्या आपल्या भटक्या दोस्तांचे ‘द किड्स आर ऑलराइट’ १९९९ मध्ये स्वतःच काढले. त्याची एक प्रत क्युरेटर सिल्विया वुल्फ यांच्याकडे पोचली आणि २००३ मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, व्हिटनी संग्रहालयात त्याचे स्वतंत्र प्रदर्शन भरले. म्हणजे प्रश्न पुस्तक किती लहान याचा नाही, ते कुणाला उद्देशून आहे याचा आहे. छायाचित्रकार दयानिता सिंग यांनी सोबत प्रवास केलेल्या मित्रांसाठी घडीच्या छोट्या फोटोवह्या हाताने बनवल्या. त्यांतल्या काही २००८ मध्ये श्टायडल या जर्मन प्रकाशनाने ‘सेंट अ लेटर’ या नावाने कापडी पेटीत घालून काढल्या. त्या छापून जगासमोर आल्या, तरी त्यांचा रोख पत्रासारखा एका माणसाकडेच राहिला. विषय मुलग्यांचा नसला तरी रीत नेमकी हीच हवी.

आणि हाताने बनवण्यात बुद्धीचेही काम आहे. मधोमध शिवलेली सोळा पानांची वही चार कागदांची असते. सर्वांत बाहेरच्या कागदावर १, २, १५ आणि १६ ही पाने येतात. बारा वर्षांचा मुलगा पहिल्या पानावर असेल आणि अठरा वर्षांचा शेवटच्या, तर दोघे एकाच कागदावर असतात. सलग, न तुटलेला फोटो फक्त ८-९ या मधल्या जोडपानावर मिळतो. इतरत्र फोटो दोन वेगळ्या कागदांत विभागला जातो, आणि तो जोड कुणामधून जाऊ द्यायचा हे ठरवावे लागते. घड्या एकात एक घातल्या की आतली पाने किंचित बाहेर डोकावतात. ती कापून सारखी करताना कडेला असलेला, मित्राच्या पाठीवरचा हात सहज छाटला जातो. पडद्यावर जुळणी करणाऱ्याच्या हे लवकर लक्षात येत नाही. टोचा आणि दाभण हातात घेतलेल्याला ते टाळताच येत नाही. फोनमध्ये हजारो फोटो असताना हा खटाटोप कशाला, याचेही उत्तर इथेच आहे: फोनमध्ये सगळे ठेवता येते, म्हणून काही निवडावेच लागत नाही.

सर्वांत गंभीर आक्षेप संमतीचा. पंधराव्या वर्षी हसत दिलेला होकार तिशीत खुपू शकतो. जिम गोल्डबर्गने ‘रेज्ड बाय वूल्व्ज’ (१९९५) मध्ये कॅलिफोर्नियातल्या रस्त्यावरच्या मुलामुलींचे हस्ताक्षर फोटोंसोबत छापले. त्यामुळे त्यांना आपले म्हणणे मांडता आले, पण छापलेला शब्दही परत घेता येत नाही. अल्पवयीन मुलांच्या बाबतीत पालकांची परवानगी लागेलच. तिच्या पलीकडे हातच्या पुस्तकाला एक सवड असते. प्रती मोजक्या असतात, कुठली कुणाकडे आहे ते ठाऊक असते, आणि कच्ची प्रत प्रत्येक मुलाच्या हाती देऊन विचारता येते. हे टाका घालण्याआधीच करायला हवे. एकदा शिवल्यावर कुणी आपले पान काढायला सांगितले, तर त्याच कागदावरचे दुसऱ्या मुलाचे पानही सुटून येते.