निळ्या झाकणाची टाकी

आमच्या येलदरीला धरणाच्या पायथ्याशी २२.५ मेगावॉटचं वीजघर आहे. पूर्णेचं पाणी पडतं, जनित्रं फिरतात. जळत काहीच नाही, म्हणून धूरही नाही. माझं पोट मात्र जाळण्यावर चालतं. मी ट्रक चालवतो.

इंजिनात डिझेल जळताना एवढी आग होते की हवेतलेच नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकमेकांना धरतात. त्यातून नायट्रोजन ऑक्साइड वायू होतात, ते छातीला बाधतात. १ एप्रिल २०२० पासून गाड्यांच्या धुराचा बीएस-६ नियम आला आणि मोठ्या गाड्यांना निळ्या झाकणाची वेगळी टाकी बसली. आम्ही तिला युरियाचीच टाकी म्हणतो. आत ३२.५ टक्के युरिया, बाकी शुद्ध पाणी. तापलेल्या धुरात ते फवारलं की अमोनिया सुटतो.

खरं काम पुढच्या डब्यात. तिथं मधाच्या पोळ्यासारखी जाळी असते. तिच्यावर काही गाड्यांत टायटॅनियम ऑक्साइडवर बसवलेला व्हॅनेडियम ऑक्साइड, काहींत तांब्याचं झिओलाइट. व्हॅनेडियम ऑक्साइडचं काम नावाड्यासारखं. अमोनिया त्याच्यावर येऊन बसतो, नायट्रिक ऑक्साइड येऊन भिडतो, दोघांचा साधा नायट्रोजन आणि पाण्याची वाफ होऊन निघून जाते. धुरातला ऑक्सिजन घेऊन ऑक्साइड पुन्हा पहिल्यासारखा, पुढच्या खेपेला तयार. अमोनियाशिवाय नायट्रिक ऑक्साइड नुसत्या व्हॅनेडियम ऑक्साइडवर फोडायला गेलं, तर सुटलेला ऑक्सिजनच जागा अडवून बसतो.

मागच्या उन्हाळ्यात धाकट्या भावानं शेतातल्या गोणीतला युरिया बोअरच्या पाण्यात कालवून टाकीत ओतला. म्हणाला, "दादा, युरिया तो युरियाच की!" चार दिवसांत दिवा लागला, भरली गाडी चढाला दम सोडू लागली. मिस्त्रीनं फवाऱ्याची नळी काढून माझ्या हातावर ठेवली. तोंडाला खडीसाखरेएवढा पांढरा खडा. नखानं निघेना. शेतीच्या युरियाला कडुनिंबाच्या तेलाचा लेप असतो, आमच्या बोअरच्या पाण्यात क्षार. हे क्षार जाळीवर पोचले तर अमोनियाच्या बसायच्या जागाच मारतात, आणि मग धूर जसाच्या तसा बाहेर, रस्त्याकडेनं शाळेत चाललेल्या पोरांच्या नाकात. भावाला मी तेवढंच सांगितलं. नळीचा खर्च काढलाच नाही.

आता युरियाचं नरसाळं मी केबिनमध्ये पिशवीत बांधून ठेवतो, डिझेलचा हात लागू देत नाही. झाकणाभोवती सांडलेलं सुकून पांढरी पूड धरते. ती ओल्या फडक्यानं पुसून घेतो, मगच स्टार्टर मारतो.