उधळ्या पुत्राची मेजवानी : मुद्राचित्र आणि बोलीचा नमुना

लूकच्या शुभवर्तमानातील पंधराव्या अध्यायात उधळ्या पुत्राचा दृष्टांत आहे. धाकटा मुलगा आपली वाटणी मागून घेऊन दूरदेशी जातो, सर्वस्व गमावून परततो, आणि बाप मेजवानी देऊन त्याला घरात घेतो. बरोक काळातील कलावंतांना या कथेतील चैनीच्या प्रसंगाचे विशेष आकर्षण होते. झाक कालो (१५९२–१६३५) या फ्रेंच मुद्राचित्रकाराची या दृष्टांतावरील अकरा चित्रांची मालिका १६३५ साली पॅरिस येथे प्रसिद्ध झाली. तळहातावर मावतील एवढ्या या चित्रांत परदेशातील उधळपट्टीला एक स्वतंत्र चित्र मिळाले आहे. त्याच सुमारास रेम्ब्रँटने रंगविलेल्या चित्रात उंचावलेला मद्याचा पेला आहे, मेजावर मोराचे पक्वान्न आहे, आणि नायकाच्या मांडीवर स्त्री आहे.

आता मूळ कथा पाहू. निवेदक एवढेच सांगतो की, मुलाने स्वैर वर्तनात संपत्ती उडविली. मेज, मद्य, स्त्रिया यांचा तेथे उल्लेख नाही. वारांगनांचा आरोप पुढे येतो तो थोरल्या भावाच्या तोंडी. आणि तो तर घरीच राहिलेला, शेतातून नुकताच परतलेला व रागावलेला आहे. म्हणजे चित्रकारांनी जे प्रत्यक्ष घडले म्हणून दाखविले, ते कथेत एका मत्सरग्रस्त साक्षीदाराचे विधान आहे. शब्दांत वक्ता कोण हे कळते. चित्रात ते लोपते.

हा भेद खानदेशच्या अभ्यासकास जवळचा वाटावा. ग्रियर्सनने भारतीय भाषांच्या सर्वेक्षणासाठी हाच दृष्टांत नमुना म्हणून निवडला. कारण त्यात तिन्ही पुरुषांची सर्वनामे, बहुतेक विभक्ती आणि तिन्ही काळ येतात. भारतीय भावनांस धक्का लागू नये म्हणून त्याने शब्दांत किरकोळ फेरफारही केले. सर्वेक्षणाच्या १९०७ साली निघालेल्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात भिली बोलींबरोबर खानदेशीचा समावेश आहे. धरणगाव परिसरात आजही कानी पडणाऱ्या अहिराणीचे पूर्वरूप ताडून पाहण्यास तो भाग उपयुक्त आहे. तो केवळ व्याकरणासाठी न वाचता, निवेदकाचे विधान व भावाचा आरोप ही दोन्ही नमुन्यात कोणत्या शब्दांनी उतरली आहेत, हेही अभ्यासकांनी तपासावे.

दृष्टांतात खरी वर्णिलेली मेजवानी एकच आहे, ती बापाच्या घरची. थोरला भाऊ तिच्या दाराबाहेर उभा असतानाच कथा संपते. चैनीच्या चित्रापुढे उभ्या राहणाऱ्या प्रेक्षकाने आपण कोणाच्या डोळ्यांनी पाहत आहोत, हे स्वतःस विचारावे.