पिंजऱ्यांतील घरटें



आमच्या बारामती-इंदापूरकडील पुष्कळ घरांत ओसरीवर किंवा गॅलरींत एक पिंजरा टांगलेला दिसतो, आणि त्यांत हिरव्या, निळ्या अथवा पिवळ्या रंगाची एक चिमुकली जोडी दिवसभर किलबिलत असते. बाजारांत तिला ‘लव्हबर्ड’ म्हणतात. वस्तुतः लव्हबर्ड निराळे, ते आफ्रिकेंतले; आपल्या पिंजऱ्यांतला हा पक्षी ऑस्ट्रेलियांतला असून त्याचें नांव बजरीगार. “मास्तर, जोडी आणून वर्ष झालें, खाते, पिते, खेळते, पण अंडीं कांहीं घालीत नाहीं. काय करावें?” हा प्रश्न निवृत्तीनंतर मला इतक्या जणांनीं विचारला आहे कीं, आजच्या भाषणाला तोच विषय घेण्याचें मीं ठरविलें.

उत्तराचा आरंभ मी पिंजऱ्यापासून न करतां भिगवणपासून करतों. 1980 सालीं उजनीचें धरण पुरें झालें आणि भीमेचें पाणी इंदापूर तालुक्याच्या कडेनें दूरवर पसरलें. हिवाळ्यांत तेथें रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. उथळ पाण्यांत ते पोटभर चरतात; परंतु घरटीं कांहीं तेथें बांधीत नाहींत. त्यासाठीं ते कच्छच्या रणासारखी जागा शोधतात, जेथें दूरवर पसरलेल्या उथळ खाऱ्या पाण्यांत चिखलाचे उंचवटे निर्वेधपणें रचतां येतात. सारांश, अन्न मिळणें ही एक गोष्ट आणि संसार मांडावासा वाटणें ही अगदीं दुसरी गोष्ट.

बजरीगाराला संसार केव्हां मांडावासा वाटतो? त्याचें माहेर ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या अंतर्भागांत आहे. 1840 सालीं जॉन गूल्ड नांवाच्या पक्षिशास्त्रज्ञानें हे पक्षी जिवंत इंग्लंडांत आणले, आणि तेथून ते जगभर पसरले. त्यांच्या मूळ प्रदेशांत पाऊस अमुक महिन्यांत पडेलच असा भरवसा नसतो. म्हणून थवा भटकत राहतो. जेथें पाऊस पडून गवताला दाणा धरतो तेथें थांबतो, झाडांच्या ढोल्या शोधतो आणि लगबगीनें विणीस लागतो. आमच्या जिराईत गांवांतल्या शेतकऱ्याला ही वृत्ति परकी वाटणार नाहीं. तोहि पंचांगापेक्षां जमिनींतली ओल पाहूनच पाभर जुंपतो. तेव्हां आपलें काम एवढेंच: पाऊस झाला आहे, दाणा मुबलक आहे, ढोली सुरक्षित आहे आणि आपला थवा जवळ आहे, अशी त्या मादीची खात्री पटवून देणें.

परंतु त्याआधीं आपली जोडी ही खरोखर जोडी आहे ना, हें पाहावें. माझी पहिली ‘जोडी’ दोन वर्षें मोठ्या प्रेमानें नांदली. मग एका जाणत्या गृहस्थानें पाहतांक्षणींच सांगितलें कीं, हे दोघेहि नर आहेत! चोचीच्या मुळाशीं, नाकपुड्यांभोवतीं, एक मांसल उंचवटा असतो. वयांत आलेल्या नराचा तो बहुधा गडद निळा असतो. मादीचा फिकट असून विणीच्या वेळीं तपकिरी व खरबरीत होतो. अगदीं पांढऱ्या किंवा पिवळ्या पक्ष्यांत मात्र ही खूण फसवी ठरूं शकते. दोघांचेंहि वय निदान एक वर्षाचें असावें. कोवळ्या मादीला विणीस लावणें हें पाप समजावें.

आतां ढोलीविषयीं. अंधारी पोकळी दिसल्यावांचून मादीच्या मनांत अंडीं घालण्याची इच्छा सहसा उत्पन्न होत नाहीं. गवत आणि काड्या देऊन उपयोग नाहीं. विहिरीवरच्या बाभळीला लोंबणारें सुगरणीचें घरटें आपण पाहतों. तशी कारागिरी या पक्ष्याच्या ठायीं नाहीं. त्याला तयार घर पाहिजे. आपल्याकडे मातीचें गाडगें हें काम उत्तम करतें. त्याच्या बाजूला सुमारें दीड इंचाचें भोंक पाडून तें पिंजऱ्यांत उंचावर, भिंतीच्या बाजूस, घट्ट बांधावें. हलणारें घर मादीला विश्वासाचें वाटत नाहीं. लाकडी पेटी केल्यास तळाला बशीसारखा खळगा असावा, नाहीं तर अंडीं घरंगळतात आणि सपाट तळावर पिलांचे पाय फांकतात.

मग पिंजऱ्यांत पावसाळा आणावा! एरवीं बाजरी, राळे व वरी यांवर हा पक्षी राहतो. तीन-चार आठवडे त्याला मोड आलेली बाजरी, गवताचीं ओलीं कणसें, कोथिंबीर, मेथी आणि अधूनमधून उकडलेल्या अंड्याचा चुरा द्यावा. मोड आलेलें धान्य दोन-तीन तासांत काढून टाकावें. आंबलें कीं पोट बिघडतें. पसरट ताटलींत स्नानाला पाणी ठेवावें. समुद्रफेसाचा तुकडा कायम टांगलेला असावा, कारण अंड्याचें कवच चुन्याचें असतें, आणि आहारांतून चुना पुरेसा न मिळाल्यास मादीच्या हाडांतला चुना त्यासाठीं खर्चीं पडतो. रोज कोवळें ऊनहि हवें. त्यावांचून खाल्लेला चुना अंगीं लागत नाहीं. एप्रिल-मे मध्यें आमच्याकडे पारा 40 अंशांच्या वर चढतो आणि गाडग्यांत पिलें गुदमरतात. म्हणून पावसाळ्याच्या आरंभापासून दिवाळीपर्यंतचा काळ त्यांतल्या त्यांत बरा.

चौथी गोष्ट सोबतीची, आणि तीच आपण विसरतों. हा थव्याचा पक्षी आहे. 1960 च्या दशकांत बार्बरा ब्रॉकवे या संशोधक बाईंनीं दाखवून दिलें कीं, नराची कुजबुजती गाणीं कानांवर पडल्यानें मादीच्या अंडाशयाची वाढ होते. निमूट खोलींत एकच जोडी असली तर पुष्कळदां कांहींच घडत नाहीं, तें यामुळें. शेजारीं दुसऱ्या जोडीचा पिंजरा टांगला कीं, वर्षभर थंड असलेली जोडी हालचाल करूं लागते. अनेक जोड्या एकत्र ठेवल्यास मात्र जोड्यांपेक्षां गाडगीं जास्त ठेवावींत. घरासाठीं माद्या कडाडून भांडतात.

मादी दिवसाआड एक याप्रमाणें चार ते सहा अंडीं घालते. ती एकटीच उबविते. नर तिला भरवितो. सुमारें 18 दिवसांनीं पहिलें पिलूं निघतें. अंड्यांप्रमाणें पिलेंहि दिवसाआड निघत असल्यामुळें थोरल्या-धाकट्यांत आठ-दहा दिवसांचें अंतर पडूं शकतें. पांच आठवड्यांच्या सुमारास तीं गाडग्याबाहेर येतात. पुढें कांहीं दिवस बापच त्यांना चारतो. या अवधींत वरचेवर डोकावून पाहण्याचा मोह टाळावा.

येथपर्यंत ऐकून वाटेल कीं, अंडीं मिळालीं म्हणजे कार्य सिद्धीस गेलें. मलाहि तसेंच वाटलें होतें. माझ्या मादीनें लागोपाठ दोन वेळां पिलें वाढविलीं; मी अभिमानानें लोकांना दाखवीत होतों, आणि गाडगें तसेंच टांगलेलें होतें. पौषाच्या थंडींत ती तिसऱ्यांदा अंड्यावर आली. एका सायंकाळीं ती पिसें फुलवून पिंजऱ्याच्या तळाशीं बसलेली दिसली. श्वासाबरोबर शेपटी वरखालीं होत होती. ‘थंडी वाजत असेल, सकाळीं पाहूं,’ असें म्हणून मीं दिवा मालवला. सकाळीं ती गेलेली होती. अंडें पोटांत अडकलें होतें. नातीनें विचारलें, “आजोबा, तिला आपण थांबवलें कां नाहीं?” जन्मभर मुलांना प्रश्न विचारण्यांत गेलेल्या मला त्या प्रश्नाचें उत्तर देतां आलें नाहीं.

तें उत्तर आज देतों. रानांत गवत वाळतें, दाणा सरतो आणि मादी आपोआप थांबते. आपल्या पिंजऱ्यांत पाऊस कधीं संपतच नाहीं. म्हणून ज्यानें पावसाळा आणला त्यानेंच उन्हाळाहि आणला पाहिजे. दोन विणी झाल्या कीं गाडगें काढून घ्यावें, मऊ खाद्य कमी करावें आणि निदान सहा महिने विश्रांति द्यावी. मीं सांगितलेलें लक्षण दिसल्यास पक्ष्याला ऊब द्यावी, पोट दाबूं नये, आणि रात्र आहे म्हणून न थांबतां पशुवैद्याला गांठावें.

आणखी एक. गाडगें टांगण्यापूर्वींच पिलांना घरें पाहून ठेवावींत. त्यांना मोकळें सोडणें ही दया नव्हे, पिंजऱ्यांत वाढलेला हा पक्षी बाहेर तगत नाहीं. आणि या यशानें हुरूप येऊन रानांतला हिरवा पोपट कोणी आणूं नये. आपले देशी पोपट पाळणें हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणें गुन्हा आहे.

माझ्या ओसरीवर आज दोन जोड्या आहेत. गाडगीं दिवाळीपासून माळ्यावर ठेवलेलीं आहेत. मृग लागेपर्यंत तीं तेथेंच राहतील.